मोहरा कोणाचा?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या दोन माणसांकडे आपण पाहतों, तेव्हां एक गोष्ट इतकी उघड असते कीं ती सहसा आपल्या ध्यानांतच येत नाहीं. ती ही कीं, दोघांपुढें मांडलेलें सैन्य सारखें असतें. एक खेळाडू लक्षाधीश असला आणि दुसरा त्याच्याच पेढीवरचा कारकून असला, तरी दोघांनाही प्यादीं आठच मिळतात आणि वजीर एकच मिळतो. डाव संपला कीं मोहरे पेटींत जातात, पेटी फळीवर जाते, आणि दहा वर्षांनीं ती उघडली तरी घोडा अडीच घरेंच चालतो. ही समता आणि हा टिकाऊपणा आपण पटावरच्या खेळांत गृहीतच धरलेला आहे. आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्यानें या दोन्ही गोष्टी बाजूला सारल्या. तो खेळ वाईट असता तर त्याच्यासाठीं आपला वेळ घेण्याचें कांहींच कारण नव्हतें. तो चांगला होता. किंबहुना मोबाइल फोनवर निघालेल्या पटाच्या खेळांत तो पुष्कळच चांगला होता.

त्याचें नांव ‘पोकेमॉन ड्युएल’. जपानमध्यें तो एप्रिल २०१६ मध्यें ‘पोकेमॉन कोमास्टर’ या नांवानें निघाला. जानेवारी २०१७ मध्यें नवें नांव घेऊन इतर देशांत गेला. आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजीं बंद झाला. साडेतीन वर्षांचें आयुष्य. पटाच्या खेळांच्या वंशावळींत एवढें अल्पायुषी अपत्य क्वचितच जन्मलें असेल.

‘पोकेमॉन’ हा शब्द आपल्याकडील तरुण श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. वडीलधाऱ्यांसाठीं एवढेंच सांगतों कीं, खिशांत मावणारे राक्षस असा त्याचा अर्थ. सातोशी ताजिरी नांवाचे एक जपानी गृहस्थ लहानपणीं किडे पकडीत हिंडत असत. पुढें तीं शेतें आणि तीं डबकीं इमारतींखालीं गेलीं, आणि गोळा करण्याचा व मित्रांशीं अदलाबदल करण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना निराळ्या रूपानें मिळावा, म्हणून त्यांनीं १९९६ मध्यें हातांत धरावयाच्या यंत्रावरचा एक खेळ काढला. त्यांतून पत्ते निघाले, चित्रपट निघाले, खेळणीं निघालीं. या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या मुलांनाही वेफर्सच्या पुड्यांतून हे प्राणी छापलेल्या गोल चकत्या मिळूं लागल्या. त्यांना टाझो म्हणत. आणि शाळेच्या व्हरांड्यांत ते जिंकले-हरले जात. टाझो हरल्यावर रडूं येई, हें खरें. पण तो हरेपर्यंत मुलाचाच असे, आणि हरल्यावर दुसऱ्या मुलाचा होई. ही साधी गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आतां ‘कोमास्टर’ हें मूळ नांव पाहा. जपानी भाषेंत पटावरच्या मोहऱ्याला ‘कोमा’ म्हणतात. त्याला इंग्रजी ‘मास्टर’ जोडून हा शब्द घडविला. मोहऱ्यांचा स्वामी! ‘कोमा’ म्हटलें कीं जपानी माणसाला प्रथम आठवतें तें शोगी, म्हणजे त्यांचें बुद्धिबळ. आपल्या चतुरंगाच्या वंशांतलेंच तें एक दूरचें भावंड होय. आणि हा खेळ रचण्याच्या कामीं ज्या मंडळीला घेतलें होतें, ती ‘हिरोझ’ नांवाची कंपनी शोगीच्याच आखाड्यांतली. २००९ मध्यें ती स्थापन झाली. २०१२ मध्यें तिनें ‘शोगी वॉर्स’ नांवाचा मोबाइलवरचा खेळ काढला. ‘पोनान्झा’ नांवाचा शोगी खेळणारा जो संगणकी कार्यक्रम प्रसिद्ध झाला, त्याचे कर्ते इस्सेइ यामामोतो याच कंपनींत होते. या पोनान्झानें २०१३ मध्यें एका व्यावसायिक खेळाडूला हरविलें, आणि २०१७ मध्यें तर ‘मेइजिन’ ही शोगींतली अत्यंत मानाची पदवी धारण करणाऱ्या अमाहिको सातो यांना दोन्ही डावांत नमविलें. अशा लोकांनीं मुलांसाठीं पट मांडला, म्हणजे त्यांत विचाराला जागा असणारच.

तो पट कसा होता? फोनच्या पडद्यावर चौकटी नसत. आपल्या वाघ-बकरीच्या पटाप्रमाणें ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असत. समोरासमोरच्या दोन कडांच्या मध्यावर प्रत्येक खेळाडूचें एकेक ध्येयस्थान, आणि त्याच कडेच्या दोन्ही टोकांना आंत शिरण्याचे ठिपके. प्रत्येकाजवळ सहा मोहरे. ते आरंभीं पटाबाहेर बसलेले. प्रत्येक मोहरा म्हणजे एखाद्या पोकेमॉन प्राण्याची बैठकीवर उभी असलेली लहानशी मूर्ति. कोणी एका खेळींत एक पाऊल चाले, कोणी दोन, कोणी तीन. आपल्या सहांपैकीं कोणताही एक मोहरा प्रतिपक्षाच्या ध्येयस्थानावर जाऊन उभा राहिला कीं डाव तेथेंच संपला. शत्रूचे सगळे गडी मारले तरी उपयोग नाहीं. एक जण निसटून पलीकडे पोहोंचला म्हणजे झालें. म्हणून हें युद्ध फारसें नव्हतें; ती वाटेची अडवणूक होती. रेषा मोजक्या, मोहरे अडसरासारखे उभे, आणि एका पावलाच्या फरकानें वाट मोकळी होई किंवा बंद होई. पुष्कळ खेळाडू एक मोहरा आपल्याच ध्येयस्थानावर उभा करून ठेवीत; तो द्वारपाल हलला नाहीं तोंवर शत्रूला तेथें पाय ठेवतां येत नसे.

मग द्वारपालाला हलवावयाचें कसें? यासाठीं दोन उपाय होते. पहिला वेढ्याचा. शत्रूच्या मोहऱ्याच्या लगतचे सगळे ठिपके आपल्या मोहऱ्यांनीं व्यापले, कीं तो कितीही बलिष्ठ असला तरी न लढतांच पटावरून उठे. वाघ-बकरींत बकऱ्या वाघाला कोंडतात, त्यासारखाच हा प्रकार. आणि मला स्वतःला या खेळांतलें सर्वांत सुंदर अंग हेंच वाटतें. दुसरा उपाय लढाईचा, आणि तेथें मात्र बुद्धीबरोबर दैवही पटावर येऊन बसे.

प्रत्येक मूर्तीच्या नांवानें एक चक्र असे. त्याचे ९६ भाग कल्पिलेले. आणि ते पांच रंगांत विभागलेले. पांढरा व सोनेरी हे प्रहाराचे रंग. त्यांवर आंकडा लिहिलेला, आणि मोठा आंकडा लहानाला मारी. जांभळा हा करामतीचा: शत्रूला निजविणें, विष बाधविणें, दूर फेकणें असल्या युक्त्यांचा. तो पांढऱ्याला जिंके, पण सोनेरी त्याला जिंके. निळा म्हणजे चुकविणें. त्याच्यापुढें कोणाचेंच चालत नसे. आणि तांबडा म्हणजे नेम चुकला. दोन मोहरे लगत आले आणि त्यांतल्या एकानें लढावयाचें ठरविलें, म्हणजे दोघांचीं चक्रें एकदमच फिरत.

एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, माझ्या मोहऱ्याच्या चक्रांत ७२ भाग पांढरे आहेत, त्यांवर ८० आंकडा आहे, आणि उरलेले २४ भाग तांबडे आहेत. आपल्या मोहऱ्याचे ४८ भाग पांढरे असून त्यांवर ५० आहे. २४ निळे आणि २४ तांबडे आहेत. सोळा वेळां ही लढत झाली तर सरासरीनें नऊ वेळां मी जिंकेन, दोन वेळां आपण जिंकाल, आणि पांच वेळां कोणाचेंच कांहीं बिघडणार नाहीं. हा हिशेब मनांत करून खेळाडूनें ठरवावयाचें असे कीं, ही लढाई करावी कीं तिला बगल द्यावी. आणि तो हिशेब चुकला तरी प्राणघात नव्हता. हरलेला मोहरा एका शुश्रूषागृहांत जाई. तेथें जागा दोनच. तिसरा जखमी येतांच पहिला तेथून बाहेर पडे, थोडा थांबे, आणि पुन्हां पटावर येण्यास मोकळा होई. म्हणून कांहीं चतुर खेळाडू आपलाच गडी मुद्दाम बळी देत, कीं त्याच्यामुळें आंत अडकलेला चांगला गडी सुटावा. मुलांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या खेळांत असली मसलत पाहून मला कौतुकच वाटलें.

येथें थोडें थांबून एक भेद सांगावासा वाटतो, कारण तो खेळांच्या स्वभावाचा भेद आहे. आपल्या सारीपाटांतही दैव आहेच. पण तेथें फासे आधीं पडतात आणि माणूस मागाहून विचार करतो. जें दान पडलें तें पडलें. आतां यांतून काय साधतां येईल, अशी ती वृत्ति. या जपानी खेळांत क्रम उलटा. माणूस आधीं विचार करतो, मोहरा नेऊन उभा करतो, लढण्याचा निर्णय घेतो, आणि मग चक्र फिरतें. पहिल्या प्रकारांत दैव प्रश्न विचारतें. दुसऱ्यांत तें निकाल देतें. म्हणून सारीपाटांत हरलेला मनुष्य ‘दान पडलें नाहीं’ असें म्हणून मोकळा होतो. येथें मात्र सोळांत नऊ वेळां यशस्वी व्हावयाचा बेत डोळ्यांदेखत तांबड्या रंगावर थांबतो, आणि खेळाडूच्या मनाला तें फार झोंबतें. ज्यानें कांहीं चुकीचें केलें नाहीं तोच हरतो. या झोंबण्याचा धंद्याशीं जवळचा संबंध आहे; कारण त्यावरचा उपाय विकत मिळत होता.

तो असा. मूर्तींच्या प्रती होत्या: साध्या, कमी आढळणाऱ्या, दुर्मिळ, त्याहून वरच्या, आणि पुढें पुढें तर त्याहीपेक्षां वरच्या. त्या मिळत बंद पेट्यांतून. कांहीं पेट्या धीर धरणाऱ्याला फुकट उघडतां येत. बाकीच्या रत्नांच्या मोबदल्यांत, आणि रत्नें कांहीं खेळून मिळत तर कांहीं पैसे भरून. पेटींत कोणती मूर्ति आहे हें उघडल्यावरच कळे. जपानांत नाणें टाकून मूठ फिरविली कीं खेळण्याची गोटी बाहेर टाकणारीं यंत्रें दुकानांच्या दारांत असतात. त्यांच्या आवाजावरून या सगळ्या पद्धतीला ‘गाचा’ म्हणतात. शिवाय मूर्तीची पातळी वाढवितां येत असे. पातळी वाढली कीं प्रहाराचा आंकडा चढवितां येई, किंवा चक्रावरचा हवा तो भाग रुंद करून घेतां येई. म्हणजे आपल्या पूर्वीच्या उदाहरणांतले माझे ७२ भाग ७६ होणार, आणि तांबडे तितकेच कमी. ज्या दैवाला आपण दैव म्हणत होतों, त्याचें मोजमाप खेळाडूच्या हातीं येई. पण तें वेळ किंवा पैसा खर्चील त्याच्या हातीं.

यावर खेळाच्या कैवाऱ्यांचें एक उत्तर आहे, आणि तें टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, वेढ्याला चक्र लागत नाहीं. दुर्मिळांतली दुर्मिळ मूर्तिही साध्या मूर्तींनीं कोंडली कीं उठलीच पाहिजे. आणि ध्येयस्थानाकडे धांवणाऱ्याला महाग मोहऱ्यापेक्षां मोकळी वाट अधिक उपयोगी. हें सगळें खरें आहे. चांगला खेळाडू साधे मोहरे घेऊन धनवान पण आळशी खेळाडूला हरवूं शकत असे. परंतु बरोबरीच्या दोन बुद्धिमान खेळाडूंत अखेर पेटीच तागडें झुकवी. पैलवानाची कुस्ती आणि तराजूवरची कुस्ती यांत जो फरक आहे, तोच येथें समजावा.

गाचाच्या या व्यापाराकडे सरकारांचें लक्ष गेलेलें नाहीं असें नाहीं. अमुक पांच वस्तु पेट्यांतून मिळवून संच पुरा केलात तर आणखी एक मोठें बक्षीस, असा जो अधिक कुटिल प्रकार जपानांत बोकाळला होता, तो तेथील ग्राहकहिताच्या सरकारी खात्यानें २०१२ मध्यें बेकायदेशीर ठरविला; साधा गाचा मात्र चालूं राहिला. बेल्जमच्या द्यूतनियंत्रण मंडळानें २०१८ मध्यें पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या असल्या पेट्यांना सरळ जुगारांत जमा केलें. पण श्रोते हो, पैसा खर्चून पेटी उघडणें हा जुगार असो वा नसो, त्याहून मूलभूत असा प्रश्न मला वाटतो तो निराळाच आहे. पेटी उघडली, मूर्ति निघाली, खेळाडू म्हणाला, ‘ही माझी.’ ती खरोखर त्याची होती काय?

शोगीकडे पुन्हां एकदां वळूं. त्या खेळाचा एक नियम जगांतल्या थोर बुद्धिबळांत त्याला वेगळें स्थान देतो. शोगींत मारलेला मोहरा मरत नाहीं. ज्यानें तो घेतला, तो त्याला आपल्या हातीं ठेवतो, आणि पुढें आपली खेळी म्हणून तोच मोहरा आपल्या बाजूनें पटावर उतरवितो. म्हणूनच शोगीच्या मोहऱ्यांना काळा-पांढरा रंग नसतो. लांकडाच्या त्या पांचकोनी चकतीचें टोंक जिकडे वळलेलें असेल, त्याच्या विरुद्ध बाजूच्या खेळाडूची ती. मालकी बदलते, परंतु ती पटावरच, दोन खेळाडूंमध्येंच, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत बदलते. आपल्या मुलांच्या टाझोंचा न्यायही हाच होता. ‘मोहऱ्यांचा स्वामी’ असें नांव धारण करणाऱ्या या नव्या खेळांत मात्र मोहरा दोघांपैकीं कोणाचाच नव्हता. तो एका दूरच्या यंत्रावरील नोंदवहींतली एक ओळ होता; आणि ती वही सांभाळण्याचा खर्च परवडेल तोंवरच ती ओळ होती.

बाजूला जातां जातां हेंही सांगतों कीं, खेळणारा हात देखील नेहमीं खेळाडूचाच असे असें नाहीं. संगणकाच्या बुद्धीकडे डाव सोंपवून आपण पाहत बसण्याची सोय या खेळांत होती. याच कंपनीच्या शोगी वॉर्समध्यें तर शोगीच्या दैवताचें नांव देऊन पांच खेळ्या संगणकाकडून करवून घेण्याची सेवा विकली जाते. मोहरा भाड्याचा, दैव वाढवून घेतलेलें, आणि बुद्धि उसनी! मग जिंकलें कोण, हा प्रश्न एखाद्या नैयायिकाला द्यावा.

खेळ बंद होणार हें कांहीं आधीं जाहीर करण्यांत आलें. अचानक दार लोटलें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. आणि येथें कायद्याची एक बारकाई पाहण्यासारखी आहे. जपानांत आगाऊ भरलेल्या पैशांविषयीं कायदा आहे. लोकांनीं पैसे देऊन घेतलेलें चलन शिल्लक असतां सेवा बंद केली, तर तें परत करावें लागतें. म्हणजे ज्यानें रत्नें विकत घेऊन नुसतीं जपून ठेवलीं, त्याला आपल्या पैशावर हक्क सांगतां येतो. परंतु त्याच रत्नांची ज्यानें पेटी घेतली, पेटींतून मूर्ति मिळविली, महिनोन्‌महिने तिची पातळी वाढविली आणि तिच्यासह कित्येक डाव जिंकले, त्याला कांहीं नाहीं. रत्न हें धन ठरलें. मूर्ति ही केवळ घेतलेला उपभोग ठरली. नाटकाचें तिकीट आणि पाहून झालेलें नाटक यांत जो फरक, तोच कायद्यानें येथें केला. कायद्याच्या दृष्टीनें तें चूकही म्हणतां येणार नाहीं. पण पेटी उघडणाऱ्याला आपण नाटक पाहत आहों असें कोणीं सांगितलें होतें? त्याला तर ‘गोळा करा’ असें सांगितलें होतें.

हा शब्दांचा घोळ आतां कायदे करणाऱ्यांच्याही ध्यानीं येऊं लागला आहे. अमेरिकेंतल्या कॅलिफोर्निया राज्यानें सप्टेंबर २०२४ मध्यें एक कायदा केला आणि २०२५ च्या आरंभापासून तो अमलांत आला. त्याप्रमाणें, जी संगणकी वस्तु विकणाऱ्याला पुढें काढून घेतां येते, तिच्यापुढें ‘विकत घ्या’ असें लिहावयाचें असेल, तर हा केवळ वापरण्याचा परवाना आहे, असें ग्राहकाला स्पष्ट सांगावें लागतें. युरोपांत याहून पुढची मागणी उठली. मार्च २०२४ च्या अखेरीस ‘द क्रू’ नांवाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ बंद झाला, आणि त्यावरून विकलेले खेळ निरुपयोगी करून टाकूं नयेत असा अर्ज युरोपीय संघापुढें ठेवण्यांत आला. २०२५ मध्यें त्यावरील सह्या दहा लक्षांच्या वर गेल्या. आतां एवढ्या सह्या करणारे सगळेच कांहीं बालिश नसतील. प्रकाशकांचें म्हणणें असें कीं, यंत्रें चालविणें फुकट होत नाहीं. तेंही खरें. पण पटावरच्या खेळाला मुळांत यंत्र लागतें कशाला, हा माझा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. सहा मूर्ति, कांहीं रेषा, दोन माणसें. एवढ्यावर हा खेळ उभा होता.

आणि तो तसा एकदां उभा राहिलाही होता, ही या कथेंतली खरी गंमत. मोबाइलवर येण्यापूर्वीं जवळजवळ दहा वर्षें हाच खेळ प्रत्यक्ष वस्तूंच्या रूपानें विक्रीस निघाला होता. ‘पोकेमॉन ट्रेडिंग फिगर गेम’ असें त्याचें नांव. त्यांतल्या मूर्ति जपानच्या ‘कायोडो’ या विख्यात मूर्तिकार कंपनीनें घडविलेल्या, रंगकाम सुरेख, आणि प्रत्येक मूर्तीच्या बैठकींतच तें रंगीत चक्र बसविलेलें. लढाईच्या वेळीं मूर्तीला बोटांनीं धरून भोंवऱ्यासारखी गिरकी द्यावयाची, आणि थांबतांना खूण कोणत्या रंगावर येते तें पाहावयाचें. ध्येयस्थान तेंच, रेषा त्याच, वाट अडविणें तेंच. व्यापाराच्या दृष्टीनें त्या खेळाला यश आलें नाहीं; २००७ च्या सुमारास पाश्चात्य बाजारांत तो आला आणि थोड्याच काळांत त्याचे नवे संच निघणें थांबलें. म्हणजे बाजारानें दोन्ही खेळ मारले: पहिला लवकर, दुसरा साडेतीन वर्षांनीं.

पहिल्याच्या मूर्ति मात्र आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारांत त्या हस्तांतर होतात. कोणाच्या पंखाचें टोंक मोडलेलें, कोणाच्या बैठकीवरचा रंग उडालेला, कोणाचें चक्र जरा घट्ट झालेलें. संचाबरोबरचा कागदी पट घडीवर फाटला असेल, तर तो वहीच्या पानावर पट्टीनें पुन्हां काढतां येतो. ठिपके आणि रेषा, दुसरें कांहीं नाहीं. प्रकाशकानें या खेळाकडे पाठ फिरविली त्याला पुष्कळ वर्षें झालीं, आणि ज्यांच्याकडे या बारा मूर्ति आहेत अशीं दोन मुलें आज रात्रीं जेवणें झाल्यावर सतरंजीवर बसून त्यांचा डाव मांडूं शकतील.